अजीचा हिमोनो घरी कसा करावा

जपानमधील कोणत्याही मासळीच्या दुकानात साधारण वीतभर लांबीचा, पाठीला हिरवट निळा आणि पोटाला चंदेरी असा एक मासा बाराही महिने बर्फावर मांडलेला दिसतो. त्याचे नाव अजी. तिथे राहायला गेलेला मराठी माणूस त्याला प्रथमदर्शनी बांगडा समजतो, घरी आणून हळद, तिखट आणि मीठ लावून तळतो, आणि चव बरी लागली तरी शेपटीकडच्या बाजूला करवतीसारखे काहीतरी दाताखाली आल्यामुळे थबकतो. यात दोष मसाल्याचा नसतो. मासाच वेगळा असतो. अजीला तळणे चालते, परंतु त्याची खरी चव उमटते ती त्याला पोटाकडून उलगडून, मिठवणीत थोडा वेळ ठेवून, वाऱ्यावर अर्धवट सुकवून आणि मग भाजून. अशा अर्धसुक्या माशाला जपानीत हिमोनो म्हणतात, आणि तो घरच्या ओट्यावर उत्तम होतो.

सुरुवात करण्यापूर्वी एक समजूत मात्र बाजूला ठेवावी लागते. सुका मासा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर वलांडीवर लटकणारे बोंबील किंवा थरावर थर रचून मिठात घातलेला खारा बांगडा येतो. आगोटीची ही बेगमी चार महिन्यांचा पावसाळा निभावण्यासाठी असते. म्हणून मीठ भरपूर, ऊन कडक, आणि मासा लाकडासारखा टणक होईपर्यंत वाळवलेला. हिमोनोचा उगमही टिकाऊपणाच्या गरजेतूनच झाला, पण आज घरोघरी जो खाल्ला जातो तो टिकवण्यासाठी केलेला नसून चवीसाठी केलेला असतो. त्यात मीठ बेताचे असते, आतला ओलावा बराचसा शिल्लक असतो, आणि म्हणूनच तो फडताळात ठेवण्याचा पदार्थ नव्हे. ही एक गोष्ट लक्षात राहिली, तर पुढची प्रत्येक कृती का करायची हे आपोआप उलगडते. ती विसरली, तर कितीही काळजी घेतली तरी हाती खारट आणि कोरडा तुकडा येतो.

अजी ओळखावा कसा

अजीचे शास्त्रीय नाव ट्रॅक्युरस जॅपोनिकस. ट्रॅक्युरस हे प्रजातीचे नाव ग्रीक शब्दांवरून आले असून त्याचा अर्थ ‘खरखरीत शेपटीचा’ असा होतो, आणि ओळखीची सारी खूण या नावातच आहे. माशाच्या कुशीवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत जी पार्श्वरेषा जाते, तिच्यावर टणक, ढालीसारख्या खवल्यांची सलग रांग असते. मध्यावर ही रेषा खाली वळते, आणि शेपटीजवळ या खवल्यांना धारदार टोके येतात. जपानी भाषेत या रांगेला झेइगो म्हणतात. शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवले की ती लगेच जाणवते. बांगड्याला अशी रांग नसते. त्याऐवजी त्याच्या पाठीवर आणि पोटाखाली शेपटीलगत लहान लहान सुटे पर असतात. बांगडा सुरमईच्या कुळातला, तर अजी हलव्याच्या आणि खऱ्या अर्थाने काटबांगड्याच्या जवळचा. मुंबई-कोकणच्या बाजारात मिळणाऱ्या काटबांगड्यालाही अशी कठीण ढालपट्टी असते, परंतु ती फक्त मागच्या अर्ध्या भागात आणि फार रुंद असते, शिवाय त्याला सुटे परही असतात. त्यामुळे दोघांची गल्लत होण्याचे कारण नाही.

या प्रजातीतील मासे जगभर पसरलेले आहेत. युरोपात आणि पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ट्रॅक्युरस ट्रॅक्युरस मिळतो, ज्याला पोर्तुगीज लोक कारापाव म्हणतात आणि नाझरे गावाच्या वाळूवर जाळ्यांच्या चौकटींत आजही वाळवतात. चिली आणि पेरूच्या समुद्रात ट्रॅक्युरस मर्फी असतो. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या तयार हिमोनोच्या वेष्टनावर पुष्कळदा नेदरलँड्सचे नाव दिसते, कारण कारखाने तिकडचा गोठवलेला, चरबीने भरलेला मासा वापरतात. तात्पर्य असे की आपण लिस्बनला असा, लंडनला असा किंवा टोकियोत, पार्श्वरेषेवरची ती सलग खरखरीत रांग दिसली की पुढची कृती जशीच्या तशी लागू पडते.

मासा निवडताना

हिमोनोसाठी १८ ते २२ सेंटीमीटर लांबीचा मासा योग्य. त्याहून लहान असला तर सुकताना मांस कागदासारखे होते. फार मोठा असला तर वरचा थर सुकेपर्यंत कण्याजवळचा भाग ओलाच राहतो. दुकानात दोन प्रकारचे अजी दिसू शकतात. एक काळपट आणि सडपातळ, जो खुल्या समुद्रातून लांबवर भटकतो. दुसरा पिवळसर झाक असलेला, आखूड आणि पाठीकडे भरलेला, जो खाडीत किंवा खडकाळ भागात एका जागी राहतो. पिवळ्याच्या अंगी चरबी जास्त असते, आणि भाजल्यावर फरक स्पष्ट कळतो. किंमत परवडत असेल तर मी नेहमी पिवळाच घ्या असे सांगेन. क्यूशू बेटाच्या पूर्वेला सागानोसेकी येथे गळाने एकेक करून पकडला जाणारा सेकी अजी याहून कितीतरी महाग असतो. तिथे खरेदीदार मासा तराजूत न घालता पाण्यात पोहताना नुसता पाहून त्याचे वजन ठरवतात, जेणेकरून माशाला हात लागू नये. परंतु असा मासा कच्चा खाण्यासाठी असतो. तो मिठवणीत घालणे मला पटत नाही.

ताजेपणाची परीक्षा आपल्याकडच्यासारखीच. डोळा फुगीर आणि पारदर्शक, कल्ले लालभडक, पोट घट्ट, आणि डोके धरून उचलल्यावर अंग ताठ. पोट मऊ पडलेले असेल किंवा गुदद्वारातून पिवळसर द्रव येत असेल, तर तो मासा घेऊ नये. इथे काटकसर करू नये याचे एक ठोस कारण आहे. बांगडा, कुपा आणि अजी यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे द्रव्य मोठ्या प्रमाणात असते. मासा उबेत राहिला की जिवाणू त्याचे हिस्टामिनमध्ये रूपांतर करतात, आणि एकदा तयार झालेले हिस्टामिन भाजल्याने, तळल्याने किंवा गोठवल्याने नष्ट होत नाही. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा लाल होणे, डोके दुखणे, अंगावर पित्तासारखे चट्टे उठणे असा त्रास सुरू होतो. म्हणून दुकानातून बर्फ मागून घ्यावा, घरी येताच मासा ४ अंशांखाली ठेवावा, आणि त्याच दिवशी कापावा. खाताना जिभेला चुरचुर जाणवली तर घास थुंकून टाकावा. ती चव मिठाची नसते.

उलगडणे

हा भाग सर्वांत नाजूक आहे. विळीवर मासे कापण्याची सवय असलेल्या हाताला सुरी उलटी वाटते, पण या कामाला सुरीच हवी. जपानी घरांत यासाठी देबा नावाची जाड पाठीची सुरी असते. ती नसेल तर टोकदार आणि चांगली धार केलेली कोणतीही सुरी चालते. पोटाखालच्या परापुढे दोन स्वतंत्र टोचणारे काटे असतात, ते आधी ओळखून ठेवावेत, कारण मासा धरताना हमखास तेच बोटात शिरतात.

शेपटीकडून डोक्याकडे सुरीचे टोक हलकेच फिरवून बारीक खवले काढून टाकावेत. तळण्यासाठी किंवा कच्चा खाण्यासाठी मासा घेतला असता तर झेइगोची पट्टीही शेपटीकडून सुरी आडवी सरकवत कापून काढली असती. हिमोनोत ती राहू द्यावी. भाजताना कातडी फाटू नये याला तिची मदतच होते, आणि खाताना ती कातडीसह सहज वेगळी होते. मग माशाचे डोके उजवीकडे आणि पोट आपल्याकडे येईल असा तो फळीवर ठेवावा (डावखुऱ्यांनी हे उलट करावे). कल्ल्याचे झाकण उचलून कल्ले मुळापासून सोडवावेत, हनुवटीपासून गुदद्वारापर्यंत पोट चिरावे, आणि कल्ल्यांसकट आतडी एका ओढीत बाहेर काढावीत. सुरी खोल घालू नये. पित्त फुटले तर त्याचा कडूपणा मांसाला चिकटतो आणि धुतल्याने जात नाही.

आता कणा. पोटाच्या पोकळीत कण्याला लागून एक काळसर लाल पट्टी दिसते. तिच्यावरच्या पातळ पापुद्र्याला उभी चीर द्यावी. त्यानंतर डोक्याच्या बाजूने सुरीचे टोक कण्याच्या वरच्या अंगाला टेकवून, हाडावर घासत असल्याचा बारीक कर्रकर्र आवाज ऐकत, शेपटीपर्यंत न्यावे. सुरी पाठीच्या कातडीपर्यंत पोहोचली पाहिजे, पण ती कापता कामा नये. पाठीचा कणभर भाग जोडलेला राहिला की मासा पुस्तकासारखा उघडतो. पहिल्या दोन-तीन माशांत कातडी फाटेल. तसे झाले तरी चव बदलत नाही, म्हणून मासा टाकून देऊ नये. शेवटी डोके: उघडलेला मासा कातडी खाली येईल असा धरून, कवटीच्या मध्यावर सुरीचे टोक रोवून वरून तळहाताने दाबावे, म्हणजे डोकेही दोन पाळ्यांत उघडेल. हे कठीण वाटत असेल तर डोके कापून टाकले तरी चालते, परंतु गालाचे मांस फार गोड असते आणि ते गमवावे असे मला वाटत नाही.

उघडलेला मासा नळाच्या बारीक धारेखाली धरून कण्याजवळचे रक्त जुन्या, स्वच्छ दातघासणीने पूर्ण काढावे. हिमोनोला येणारा उग्र वास बहुतेक वेळा या राहिलेल्या रक्ताचाच असतो. धुण्याचे काम मिनिटभरात संपवावे आणि पाणी थंड असावे. मिठवणीत जाण्यापूर्वी मासा कागदाने टिपून कोरडा करावा, नाहीतर अंगावरचे पाणी मिठवणी पातळ करते.

मिठवणी

१ लिटर थंड पाण्यात १०० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवावे. यातून शेकडा ९ च्या आसपास मिठाचे पाणी होते, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या अडीच पटींहून थोडे अधिक खारट. वितीएवढे चार मासे यात बसतात. मीठ साधे, जाडे समुद्री घ्यावे. पाण्यात बर्फाचे काही तुकडे घालण्याची सवय चांगली, पण त्या बर्फाचे पाणी धरून प्रमाण मोजावे.

किती वेळ ठेवावे याचे एकच उत्तर नाही, आणि पुस्तकी आकड्यावर विसंबणारे इथेच फसतात. मध्यम चरबीच्या २० सेंटीमीटरच्या माशाला ४० मिनिटे पुरतात. चरबी मिठाला आत शिरू देत नाही, त्यामुळे पिवळ्या, भरलेल्या माशाला ५० ते ६० मिनिटे लागतात. सडपातळ काळ्या माशाला ३० मिनिटांतच पुरेसे मीठ लागते. गोठवून मग सोडवलेल्या माशाचे तंतू सैल झालेले असतात आणि तो मीठ झपाट्याने ओढतो, म्हणून त्याचा वेळ पाव हिश्श्याने कमी करावा. पहिल्या खेपेला वेळ आणि माशाची लांबी लिहून ठेवावी. दुसऱ्या खेपेपासून आपल्या घरचे प्रमाण आपोआप ठरते. वरून कोरडे मीठ चोळण्याचा मोह टाळावा. कोरडे मीठ पातळ भागाला जास्त आणि जाड भागाला कमी लागते. मिठवणीत मात्र ते सर्वत्र सारखे जाते. शिवाय मिठाच्या पाण्यात मांसाच्या पृष्ठभागावरची काही प्रथिने विरघळतात, आणि तीच पुढे वाऱ्याने सुकून तो चमकदार, तलम पापुद्रा तयार होतो, ज्यावरून चांगला हिमोनो ओळखावा. हाच पापुद्रा भाजताना आतला रस धरून ठेवतो.

मिठवणीतून काढल्यावर मासा गोड्या पाण्यातून एकदाच बुचकळून काढावा आणि दोन्ही बाजूंनी नीट टिपावा.

सुकवणे

इथे ऋतूची एक अडचण आहे. अजीला उत्तम चव वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत असते, आणि नेमका त्याच काळात जपानमध्ये जून-जुलैचा त्सुयू, म्हणजे तिकडचा पावसाळा येतो. हवा दमट, उकाडा, माश्या. अशा वेळी मासा बाहेर टांगणे म्हणजे तो नासवणे. उलट नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने कोरड्या थंड वाऱ्याचे असतात, जेव्हा सुकवणी सर्वांत सुरेख होते. सुरुगा उपसागरावरील नुमाझू हे गाव अजीच्या हिमोनोसाठी जपानभर प्रसिद्ध झाले, त्यामागे तिथल्या किनाऱ्यावरचा वारा आणि ऊन यांचा मोठा वाटा मानला जातो.

म्हणून ऋतू पाहून पद्धत निवडावी. हिवाळ्यात, तापमान १५ अंशांच्या खाली आणि हवा कोरडी असताना, सज्जात टांगण्याची तीन मजली निळी जाळी वापरावी. मासा मांसाची बाजू वर करून पसरावा, तासाभराने उलटावा, आणि तीन ते पाच तासांत काढून घ्यावा. संध्याकाळी टांगून पहाटे काढला तर त्याला इचियाबोशी, म्हणजे एका रात्रीचा सुकवलेला, असे म्हणतात. ऊन हवेच असे नाही. कोवळे ऊन चालते, पण कडक उन्हात चरबी पिवळी पडून खवट होते. खरे काम वारा करतो. कावळे आणि मांजरे यांच्यापासून जाळीची चेन पक्की लावलेली आहे ना, हे पाहावे.

उरलेल्या आठ महिन्यांत शीतकपाटाला पर्याय नाही, आणि टोकियोतल्या चिंचोळ्या घरात राहणाऱ्यांना वर्षभर हीच पद्धत सोयीची. ताटात तारेची जाळी ठेवून तिच्यावर मासे एकमेकांना न लागता मांडावेत, वर काहीही न झाकता ८ ते १२ तास खालच्या कप्प्यात ठेवावेत, आणि मध्ये एकदा उलटावेत. शीतकपाटातील हवा थंड आणि कोरडी असते, त्यामुळे धोका कमी आणि परिणाम भरवशाचा. त्याच कप्प्यात दूध किंवा लोणी उघडे ठेवू नये. मुंबईत किंवा गोव्यात काटबांगड्यावर हा प्रयोग करणाऱ्याने तर फक्त हीच पद्धत वापरावी. आपल्याकडच्या उष्ण, दमट हवेत इतक्या कमी मिठाचा मासा गच्चीवर टिकणार नाही. काटबांगड्याची रुंद ढालपट्टी मात्र कापण्यापूर्वीच काढून टाकावी.

मासा तयार झाला की नाही हे घड्याळ सांगत नाही, बोट सांगते. मांसावर बोट टेकवल्यावर किंचित चिकटल्यासारखे वाटावे, पण उचलताना बोटाला काही लागू नये. दाबल्यावर खळगा पडून तो हळूहळू भरून यावा. बोट ओले झाले तर आणखी तासभर थांबावे. खळगाच पडत नसेल तर मासा जास्त सुकला आहे.

भाजणे आणि ठेवणे

जपानी शेगड्यांना खाली माशासाठी खण असतो. तो नसेल तर तारेची जाळी किंवा कागद घातलेला तवाही चालतो. मांसाची बाजू आधी ज्वाळेकडे धरून मध्यम आचेवर ६ ते ७ मिनिटे, आणि मांस फिकट सोनेरी झाल्यावर उलटून कातडीची बाजू ३ मिनिटे. एकदाच उलटावा. तेल लावू नये, कारण चरबी आतूनच सुटते. वर मसाला घालू नये ही माझी आग्रहाची विनंती आहे. लिंबाची फोड किंवा किसलेला पांढरा मुळा आणि सोबत गरम, साधा भात एवढेच पुरेसे आहे. पूर्ण भाजणे मात्र आवश्यक, कारण हिमोनो हा कच्चाच मासा असतो. अजीत अॅनिसाकिस नावाचा परजीवी जंत आढळतो, आणि या मिठवणीने किंवा शिरक्याने तो मरत नाही. ७० अंशांवरच्या उष्णतेने तो तत्काळ मरतो. ज्यांना चिबा किनाऱ्यावरचा नामेरो, म्हणजे मिसो घालून चेचलेला कच्चा अजी, घरी करायचा असेल, त्यांनी मासा आधी उणे २० अंशांवर किमान २४ तास गोठवावा.

तयार हिमोनो शीतकपाटात दोन ते तीन दिवसच ठेवावा. जास्त ठेवायचा असल्यास प्रत्येक मासा स्वतंत्र गुंडाळून, हवा काढून गोठवावा आणि महिन्याभरात संपवावा; भाजताना तो सोडवत बसू नये, गोठलेलाच मंद आचेवर ठेवावा, म्हणजे पाणी सुटत नाही.

बाजारातून आणलेल्या माशांत बोटाएवढे लहान अजी आले, तर ते हिमोनोसाठी राखून ठेवू नयेत. ते आतडी काढून, अख्खे, मंद आणि मग तीव्र आचेवर दोनदा तळावेत आणि गरम असतानाच तांदळाचा शिरका, थोडी साखर, सोया, उभा चिरलेला कांदा आणि सुकी मिरची यांच्या मिश्रणात सोडावेत. याला नानबानझुके म्हणतात. नानबान म्हणजे दक्षिणेकडचे परके. १५४३ साली तानेगाशिमा बेटावर पोहोचलेल्या आणि त्यानंतर येत राहिलेल्या पोर्तुगीजांना उद्देशून हा शब्द वापरला जाई. त्या वेळी गोवा त्यांच्या ताब्यात येऊन तीन दशके झाली होती, आणि शिरक्यात मासा मुरवण्याची जी रीत त्यांच्यासोबत गोव्याच्या स्वयंपाकात रुजली, तिचेच भावंड इथे अजीच्या वाट्याला आले. म्हणून गोव्याच्या माणसाला ही चव परकी वाटत नाही.

भाजलेला हिमोनो उरला तर काटे काढून मांस कुस्करावे, त्यात ओले खोबरे, बारीक कांदा, हिरवी मिरची आणि दोन आमसुले कुस्करून घालावीत. सुक्या बांगड्याचे किसमूर करतो तसेच, फक्त मीठ अजिबात न घालता. काढलेला कणा फेकू नये. तो मंद तेलात बुडबुडे थांबेपर्यंत तळला की कुरकुरीत होतो आणि काट्यासकट खाता येतो.